आपल्याकडच्या लेखकांची नवी नाटकं आणि स्वगतं सुचवा (स्वतःचं सोडून)

तिसरी घंटा, परभणी

राज्य नाट्य स्पर्धेची वेळ जवळ आली की आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेत एकच धावपळ सुरू होते, संहिता कुठंय? मग कुणी पुण्याच्या मित्राला फोन लावतो, कुणी मागच्या वर्षी अंतिम फेरी गाजवलेल्या नाटकाची परवानगी मिळते का ते बघतो, आणि शेवटी परभणीच्या रंगमंचावर परभणीची पोरं डोंबिवलीच्या ब्लॉकमधलं भांडण भांडतात. भांडा, माझी हरकत नाही. पण त्याच वेळी जिंतूरच्या, केजच्या, उदगीरच्या एखाद्या मास्तरच्या लॅपटॉपमध्ये लिहून झालेलं दोन अंकी नाटक पडून असतं. नाहीतर एका केंद्रावर एक प्रयोग होऊन ते मिटलेलं असतं आणि शेजारच्या जिल्ह्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून हा धागा. स्वतःचं नाटक सुचवायचं नाही, दुसऱ्याचंच. संहिता अप्रकाशित असेल तर लेखकाचं नाव आणि शीर्षक त्यानं हो म्हटल्याशिवाय इथं टाकायचं नाही. निरोप करा, मी गाठ घालून देतो. आणि "अप्रतिम, जरूर वाचा" असं लिहून पळायचं नाही. पात्रं किती, त्यात बायका किती, नेपथ्य काय लागतं, बोली कुठली, आणि नाटक कुठं ढिलं पडतं ते सांगा. दिग्दर्शकाला तेवढंच हवं असतं.

सुरुवात मी करतो. आमच्या भागातल्या एका शिक्षक मित्राचं दोन अंकी नाटक आहे, 2016 च्या लातूरच्या पाण्यावरचं. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तो काळ. नेपथ्य म्हणजे फक्त घागरी, कळश्या, कॅन, रंगाचे रिकामे डबे. सगळ्यांवर नावं रंगवलेली. टँकरच्या रांगेत माणसाच्या जागी भांडं उभं असतं आणि ज्याचा नंबर येईल तो त्याच्या भांड्यामागून येऊन बोलतो. त्या वर्षी पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचं कलम 144 लावलं होतं. लेखकानं हे कलमच नाटकाला लावलंय. रंगमंचावर एका वेळी पाचपेक्षा जास्त माणसं थांबूच शकत नाहीत. सहावा आला की कुणीतरी एकानं निघायचं, आणि कुणी निघायचं यावरच प्रत्येक प्रवेशात तंटा. म्हातारी निघते, मग सून निघते, मग ज्याला या गल्लीत कधी मोजलंच नाही तो निघतो. पहिला अंक वाचून मी गपगार झालो.

ढिलं कुठं? दुसऱ्या अंकात एक पत्रकार येतो आणि सगळ्यांना समजावून सांगत बसतो की हे असं का झालं. ऊस, धरण, नियोजन. तो पत्रकार सरळ काढावा असं मी लेखकाला सांगितलं. त्यांनी काढला नाही. पात्रं अकरा, बायका पाच. बोली लातूरची.

विंगेत उभी, नांदेड

अकरात पाच बायका? सर, आधी त्या लेखकाला माझा नमस्कार कळवा. आमच्याकडं येणाऱ्या संहितेत नऊ पुरुष आणि एक बाई असते, आणि ती बाई दुसऱ्या प्रवेशात पाणी घेऊन येते. मग दिग्दर्शक म्हणतात, नांदेडात नट्याच मिळत नाहीत. पाण्याचा तांब्या धरायला कोण येणार हो, नोकरी-घर सांभाळून?

माझी शिफारस एका स्वगताची. लेखिका देगलूर भागातल्या आहेत. एसटीतली महिला कंडक्टर, मार्ग नांदेड ते देगलूर, वेळ एका फेरीची. 2023 च्या मार्चमध्ये बायकांना निम्मं तिकीट झालं आणि हिच्या गाडीत एकदम बायकाच बायका. आधी दवाखाना नाहीतर मयत, याशिवाय न निघणाऱ्या बाया आता उगीच निघतात. एक जण रोज बसते आणि पुढच्या फाट्यावर उतरून परत येते. कंडक्टरला कळेना हिचं काम काय. काम काहीच नसतं. घरातून निघणं हेच काम.

या लेखनात उपदेश नावाला नाही. सीमेवरची गाडी असल्यामुळं मराठी, तेलुगू, दख्खनी सगळं एका वाक्यात येतं आणि कंडक्टर प्रत्येकीला तिच्या भाषेत पैसे मागते. करणारीला कान पाहिजे. वेळ पस्तीस मिनिटं. नेपथ्य एक खांब आणि तिकिटाचं मशीन. उणीव म्हणाल तर शेवट दोन आहेत. पहिल्यावर थांबावं.

जुन्यातलं सांगायचं तर नव्या मुलींना मी अजूनही आपल्या प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'तला विद्याचा फोन करायला लावते. 1991 चं नाटक. समोर कुणी नाही, फोनवर नवरा, आणि नटीनं तो नवरा प्रेक्षकाला दाखवायचा. 2022 मध्ये ते परत रंगभूमीवर आलं तेव्हा हॉलमध्ये माझ्या शेजारची पोरगी श्वास रोखून बसली होती. औरंगाबादेत 'जिगीषा' नाट्यसंस्थेत घडलेल्या लेखकानं लिहिलंय हे आपल्याच पोरींना माहीत नसतं.

मोसंबी, जालना

शेतकरी आत्महत्येवरची नाटकं नकोत, असा एक नियम वाढवा बाप्पा. दर वर्षी चार तरी असतात. पहिल्या अंकात सावकार, मध्यंतराला गारपीट, शेवटी दोर आणि मागं बासरी. परीक्षक डोळे पुसतात, शेतकरी प्रेक्षक मात्र बाहेर जाऊन तंबाखू मळतो. कारण त्याला माहीत असतं की हे लिहिणाऱ्यानं सातबारा कधी हातात घेतला नाही.

विंगेत उभी, नांदेड

विषयावर बंदी कशाला? वर्ध्याकडचं 'तेरवं' बघितलंय का तुम्ही? श्याम पेटकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. त्यात ज्यांच्या घरात हे घडलं त्या बायकाच उभ्या राहतात आणि माणूस गेल्यानंतरचं जगणं मांडतात. गाणी आहेत, हसणं आहे. दोर दाखवायची गरजच पडली नाही त्यांना.

मोसंबी, जालना

बघितलंय. ते वेगळंच आहे, मान्य. पण त्याची नक्कल बसवणारे बघा, मग बोलू.

आणि मी नुसता विरोध करायला आलो नाही. जालन्याचं म्हणून सांगतो, राजकुमार तांगडेंचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' सगळ्यांना माहीत आहे. 2012 पासून गाजलं, नंदू माधवांनी बसवलं, संभाजी भगतांची गाणी. यमाच्या हाती नुसता जिरेटोप लागतो आणि तो टोप कुणाच्या डोक्याला बसतो हे शोधत फिरतो, ही कल्पना आता पाठ झालीय लोकांना. पण त्याआधीचं त्यांचं 'आकडा' किती जणांनी वाचलंय? तारेवर टाकायचा आकडा, विजेचा. ज्यांना गावातल्या नाटकात विनोद आणि राजकारण एकत्र कसं बांधायचं ते शिकायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी. जांब समर्थच्या माणसानं लिहिलं, आसपासच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी केलं, आणि मुंबईनं नंतर उठून टाळ्या वाजवल्या. क्रम हा असावा.

बालाघाट, बीड

मोसंबी भाऊंशी अर्धा सहमत. आमच्याकडं ऊसतोडीचं तेच झालंय. 2019 ला ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि तेव्हापासून बीडच्या प्रत्येक एकांकिकेत पोट धरून बसलेली बाई आहे. दुःख खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्या बाईला दुसरं काही बोलूच देत नाहीत हे लोक.

म्हणून ज्या स्वगताची शिफारस करतोय ते मला आवडलं. लिहिणारा गडी स्वतः उसाच्या फडावर वाढलेला, आता वडवणीकडं पोस्ट ग्रॅज्युएट होऊन बसलाय. कोपीसमोर (झोपडीसमोर) चुलीपाशी बसलेली बाई टोळीच्या मुकादमाला फोनवर हिशोब विचारते. बस, एवढंच. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, खाडे (गैरहजेरीचे दिवस) किती लावले, मोळ्या किती झाल्या, वाढं (उसाचे शेंडे) विकलं त्याचे पैसे कुणाच्या खिशात गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तिला मंजूरच नाही. ती विचारते, दोन माणसांचा एक कोयता, मग खाडा लावताना आम्ही दोन कसे होतो? मुकादम पलीकडून काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याची फजिती दिसते. पब्लिक हसून हसून बेजार आणि मधेच ती एक आकडा असा सांगते की हसू तिथंच थांबतं. तो आकडा कुठला ते सांगत नाही, वाचा.

बोली धारूर-वडवणीकडची. बदलू नका. एका संस्थेनं ती पुस्तकी करून बसवली होती. हिशोब घालणारी बाई एकदम बँकेतली अधिकारी वाटायला लागली.

तिसरी घंटा, परभणी

बोलीचा प्रश्न इथंच काढू या. लातूरचं 'येऊलालाव', 'जाऊलालाव' परभणीच्या नटाच्या तोंडात बसत नाही. मग काय करायचं? मूळ ठेवायची की आपल्या गावची करायची?

बालाघाट, बीड

लेखकाला विचारून आपल्या गावची करायची. पण गावचीच. सगळ्या मराठवाड्याची मिळून एक 'ग्रामीण' भाषा बनवायची नाही, ती कुणीच बोलत नाही. मालिकेतले नोकर बोलतात फक्त.

नाथसागर, पैठण

मंडळी, एकपात्रीबद्दल बोलतो. आपल्याकडं एकपात्री म्हटलं की डोळ्यांसमोर प्रा. लक्ष्मण देशपांडे येतात आणि यावेच. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एका माणसानं बावन्न पात्रं उभी केली. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारा माणूस, त्यामुळं त्यामागं केवढी शिस्त होती ते बघणाऱ्याला कळायचं नाही इतकं ते सहज असायचं. पण त्यांच्यानंतर आपल्याकडच्या प्रत्येक एकपात्रीला तीच सावली लागलीय. प्रत्येकाला पात्रं मोजायचीत. तीस केली, चाळीस केली. नकला वाढल्या, माणूस हरवला. वर कंडक्टरचं आणि कोयत्याचं जे सांगितलंत ते मला म्हणून बरं वाटलं, की त्यात एकच बाई शेवटपर्यंत आपल्यापुढं राहते.

आणि याची शिदोरी आपल्या घरातच आहे. नाथांचं भारूड. आंधळा, मुका, बहिरा, जोशी, महारीण, सगळे एकेकटे येऊन उभे राहतात आणि थेट समोरच्याशी बोलतात. भवानीला रोडगा कबूल करून सासू-सासरे, जाऊ, नणंद, सगळ्यांना वाटेतून बाजूला कर म्हणणारी सून घ्या. अध्यात्म बाजूला ठेवून नुसती ती सून उभी करा. चारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचं लिखाण आहे आणि आजही बायका पदराआड हसतात, कारण नवस खरा वाटतो. माझ्या ओळखीतल्या एका तरुण लेखकानं याच धर्तीवर पाच छोटी स्वगतं लिहिलीत. सेतू केंद्रावर रांगेत उभा असलेला, पोलीस भरतीला तिसऱ्यांदा निघालेला, लग्न जमत नाही म्हणून देवीला नवस बोलणारा तिशीतला पोरगा. शेवटचं सर्वांत चांगलं आहे. जमीन दोन एकर, नोकरी नाही, पोरगी कुणी देत नाही, आणि हा देवीशी व्यवहार करतोय. प्रत्येकी सात-आठ मिनिटं. टाळ आणि एक पखवाज पुरे. पोलीस भरतीवालं कच्चं आहे, नुसती घोषणाबाजी. ते गाळून चार करा.

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

नाथसागर काका, पटलं. पण नव्याच्या नादात जुनं विसरू नका एवढंच म्हणायचंय. दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' सुचवतो, नवं नाटक म्हणूनच. कारण आजच्या विशीतल्या पोरांनी ते पाहिलेलंच नाही. पूरग्रस्त वस्तीचं पुनर्वसन, आणि त्याभोवती चळवळीच्या तीन पिढ्या. जुने काका, प्राध्यापक सतीश, तडकणारा अर्जुन. कुणीही पूर्ण बरोबर नाही. आज वाचलं तर अर्जुनचं बोलणं व्हॉट्सअॅपवर आल्यासारखं वाटतं आणि सतीशची कुचंबणा तर मी रोज आमच्या स्टाफरूममध्ये बघतो.

शिवाय या शहराला हे परकं नाही. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहून विद्यार्थ्यांकडून करवून घेतलं आणि बाबासाहेबांनी ते पाहिलं. दलित रंगभूमीचा धागा इथून निघतो.

नवं म्हणून एक एकांकिका. नायक पेंटर, बोर्ड रंगवणारा. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा यानं शिकाऊ असताना पहिला बोर्ड रंगवलेला. आता शहराचं नाव बदललं, परत तोच ब्रश. दुकानदार येतात, कुणाला जुनं नाव बारीक अक्षरात ठेवायचंय, कुणाला रातोरात पुसायचंय, एकाला दोन्ही नावं नकोत, नुसतं 'मेन रोड' लिही म्हणतो. पेंटर कुणाचीच बाजू घेत नाही, तो फक्त अक्षरांचे पैसे लावतो. पात्रं सहा, तालमीला मजा येईल. उणीव अशी की सहाही जण पुरुष आहेत. विंगेत उभी ताई रागावणार.

विंगेत उभी, नांदेड

रागावले. पेंटर बाई करा.

मोसंबी, जालना

हे नाटक प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळातून सुटेल का? नावांचा विषय म्हटल्यावर...

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

प्रमाणपत्र अजून घेतलेलं नाही. पण संहितेत कुणाला शिवी नाही, कुठल्या बाजूचा जयजयकार नाही. मला भीती मंडळाची नाही, आमच्याच संस्थेच्या अध्यक्षांची आहे. त्यांचं दुकान आहे मेन रोडला.

पडदा, लातूर

वाचतोय सगळं. माझीही एक. किल्लारीवर आपल्याकडं कविता भरपूर झाल्या, नाटक म्हणावं असं फार हाताला लागत नाही. औशाच्या एका निवृत्त मास्तरांनी स्वगत लिहिलंय, पोस्टमनचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. हे सगळं स्वगतात एका वाक्यात संपतं. नाटक सुरू होतं त्यानंतर काही वर्षांनी. 52 गावं नव्या जागी वसवली, सरळ रस्ते, सारखी घरं, घरांना नंबर. पोस्टमनला नंबर पाठ होत नाहीत. तो पत्रं जुन्या गावाच्या हिशोबानं वाटतो. म्हणजे वेशीपासून सुरुवात, मग मारुतीचं देऊळ, मग तेल्याची गल्ली. नव्या गावात वेसच नाही. म्हणून तो सकाळी एका विजेच्या खांबाला वेस ठरवतो आणि तिथून निघतो.

मधे एक मनिऑर्डर येते, ज्याच्या नावची तो माणूस राहिलेला नाही. नियमानं परत पाठवायची. आता हा पंधरा मिनिटं त्या एका मनिऑर्डरीवर बोलतो, आणि मी शपथेवर सांगतो, एका ठिकाणीही रडायला लावत नाही. त्यानं काय केलं ते लेखकानं शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. आमच्यातल्या दोघांना ते खटकलं, मला नाही.

अडचण अशी की मास्तरांनी हातानं लिहिलंय, वहीत. टाइप करून द्यायला मी तयार आहे. पण त्यांची एक भीती आहे. मागे त्यांची एकांकिका कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवली आणि नाव बदलून तिसऱ्याच गावात प्रयोग झाला. मास्तरांना ते पेपरमधल्या बक्षिसाच्या बातमीतून कळलं.

तिसरी घंटा, परभणी

हे आपल्याकडं फार होतं आणि सगळे गप्प बसतात. इथून पुढं माझ्यामार्फत जी गाठ पडेल तिथं पीडीएफ जाणार नाही. आधी दिग्दर्शकानं लेखकाशी फोनवर बोलायचं. मग संहिता. प्रयोग ठरला तर लेखी परवानगी आणि मानधन, पाचशे रुपये का असेना. स्पर्धेच्या अर्जाला परवानगीपत्र लागतंच, मग ते खरं घ्यायला काय जातं? शीर्षक बदलायचं असेल तर तेही विचारून.

बालाघाट, बीड

मानधनाच्या पाचशेची एवढी सवय झालीय आपल्याला की लेखकानं हजार मागितले तर तो व्यावसायिक झाला म्हणतात. लायटिंगवाल्याला, मेकअपवाल्याला देतोच ना?

नाथसागर, पैठण

माझं ऐका, प्रयोगाच्या आधी अभिवाचन करा. खर्च नाही, सेट नाही, प्रमाणपत्राची घाई नाही. लेखक समोर बसलेला, वाचणारे चार, ऐकणारे वीस. कुठं ढिलं पडतं ते लेखकाला कानानं कळतं. तो पत्रकार बघा, पाणीवाल्या नाटकातला, एका वाचनात आपोआप जाईल.

तिसरी घंटा, परभणी

परभणीत जागा मी बघतो. दिवाळी झाली की रविवारी. पाण्याचं नाटक पूर्ण नाही, पहिला अंक. नंतर कोयता आणि पोस्टमन. विंगेत उभी ताई, कंडक्टर तुम्ही स्वतः वाचणार का?

विंगेत उभी, नांदेड

लेखिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, वाचा, पण तेलुगू वाक्यं आधी मला फोनवर म्हणून दाखवा. गाडीभाडं ज्याचं त्यानं. माझं तर निम्मंच आहे.

पडदा, लातूर

मास्तरांशी बोललो. येतो म्हणाले, वही स्वतः घेऊन, झेरॉक्स मात्र काढायची नाही. पोस्टमन आमच्या संस्थेतली एक मुलगी वाचते म्हणतेय, चालेल का विचारलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बाई चालंल, पण तिला सायकल येती का?